माया आणि मजुरी

मराठी भाषेतून निदान वर्षभरासाठी एक शब्द हद्दपार करावा, अशी माझी सूचना आहे. तो शब्द म्हणजे 'माया'. दिवाळी अंकात हे लिहिणे अशुभ आहे, हे मला कळते. फराळाच्या ताटाशेजारी वाचकाला काही गोड हवे असते, आणि मायेइतके गोड दुसरे काय आहे? परंतु हा शब्द आता हातोहात फिरून फार मळला आहे. वेदान्तातल्या मायेशी माझे भांडण नाही. ती बिचारी कुणाच्या कंबरेला त्रास देत नाही. माझे भांडण आहे ते आईच्या, बहिणीच्या, सुनेच्या मायेचे नाव घेऊन चाललेल्या एका मोठ्या फुकटेपणाशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हागणे-मुतणे काढायचे, त्याला भरवायचे, रात्री तीनदा उठून त्याला कुशीवर वळवायचे, आणि या साऱ्याला काम न म्हणता माया म्हणायचे. काम म्हटले की मजुरी द्यावी लागते. मायेला फक्त नमस्कार केला की भागते.

हे मी त्रयस्थपणे लिहीत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहूनच लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ एकोणचाळीस वर्षांचा आहे. जन्मतःच त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात झाला. हातपाय ताठ, जीभ जड. बुद्धी मात्र माझ्याहून तल्लख. एक वाक्य बोलायला त्याला मिनिट लागते, आणि ते वाक्य बहुधा माझ्या दहा वाक्यांना पुरून उरते. आई सत्तरीची आहे. भावाचे वजन अठ्ठावन्न किलो. दररोज सकाळी ती त्याला खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत आणि न्हाणीतून परत खाटेवर नेते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे हे बिऱ्हाड आहे. मी तिथून चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. शनिवारी घरी येतो, रविवारी परततो. मधल्या वेळात कादंबऱ्या लिहितो.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत अशीच एक आई आहे. अपंग मुलाला पाठीवर घेऊन ती आयुष्याचा डोंगर चढते, आणि शेवटच्या प्रकरणात सूर्योदय वगैरे होतो. पुस्तकाचे कौतुक झाले. 'मातृत्वाचे स्तोत्र' असे एका परीक्षणात आले. ते कात्रण घेऊन मी घरी गेलो, आणि आईला शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतले, आणि म्हणाली, "समदं ग्वाड लिवलंस बग. पर माझं कंबारडं कुटं हाय ह्यात?"

दोनशे चाळीस पानांच्या त्या स्तोत्रात आईची कंबर नव्हती. खरोखरच नव्हती. डोळे होते, सुरकुत्या होत्या, 'खरखरीत पण ऊबदार' हात होते. कंबर नव्हती, कारण कंबर लिहिली असती तर पुढचा प्रश्न आला असता की, मग थोरला मुलगा काय करत होता? तो कादंबरी लिहीत होता.

एवढी कबुली दिल्यावर मला बोलण्याचा थोडा अधिकार मिळावा.

आता सरकारकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही, असे कुणी समजू नये. कायद्यांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 साली झाला, आणि भारताने तो 2007 साली मान्य केला. त्याच्या 19 व्या कलमात अपंग माणसाला समाजात राहता यावे म्हणून घरपोच सेवा आणि व्यक्तिगत मदतनीस मिळण्याची गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. त्याला अनुसरून आपल्या संसदेने 2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात एकवीस झाले. या कायद्याचे 24 वे कलम म्हणते की, ज्यांना जास्त मदतीची गरज आहे अशा अपंगांना काळजीवाहक भत्ता देण्याच्या योजना सरकारने कराव्यात. 38 वे कलम म्हणते की, अशी गरज असलेल्या माणसाने स्वतः, किंवा त्याच्या वतीने इतर कुणीही, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा; मूल्यांकन मंडळाने त्याची तपासणी करावी; आणि मंडळ सांगेल तशी मदत मिळावी. 2019 साली या मंडळांचे नियमही निघाले.

हे सारे वाचून मला भरून आले. 2023 च्या पावसाळ्यात मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, कलमांचे आकडे लाल शाईने अधोरेखित केलेला अर्ज लिहिला, आणि एका सरकारी कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. कारण तिथला कारकून भला माणूस होता, आणि दोष त्याचा नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "मास्तर, कायदा असेल हो. पण याचा हेड कुठाय?"

हेड म्हणजे लेखाशीर्ष. ज्या खर्चाला लेखाशीर्ष नाही, तो खर्च सरकारच्या जगात जन्मालाच आलेला नसतो. मी पुन्हा कलम दाखवले. त्याने कलमातलीच पुढची अक्षरे मला दाखवली. 24 व्या कलमात भत्त्याच्या आधी लिहिले आहे की, सरकारने हे आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावे. 38 व्या कलमात मदतीच्या शेजारी लिहिले आहे की, ती संबंधित योजनांना आणि आदेशांना अधीन राहून मिळेल. म्हणजे कायदा म्हणतो, योजनेप्रमाणे घ्या; आणि टेबल म्हणते, योजना आली की या. मी गप्प झालो. तेव्हा त्या भल्या माणसाने माझी समजूत घालण्यासाठी म्हणून विचारले, "आई हाय न्हवं घरात?"

वाचकहो, अपंगांच्या घरगुती शुश्रूषेविषयीचे आपले अलिखित धोरण या तीन-चार शब्दांत संपूर्ण आले आहे. आई आहे ना? मग झाले. आई नसेल तर बहीण आहे ना? बहिणीचे लग्न झाले असेल तर वहिनी आहे ना? मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा माझी बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "म्हणजे आईंच्या माघारी मीच ना?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला अजून जमलेले नाही. देशाच्या 2024 च्या कालवापर सर्वेक्षणात पंधरा ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांपैकी 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. काळजी घेणारी स्त्री त्यात दिवसाला सुमारे 140 मिनिटे घालवते, आणि पुरुष 74. आमच्या आईची मिनिटे मोजायला कुणी आले असते, तर त्याची वही संपली असती.

कुणी म्हणेल, सरकार पैसे देत नाही असे कसे म्हणता? देते, पण कुणाला, किती आणि कशाबद्दल, ते पाहावे. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा 2012 साली दरमहा 300 रुपये झाला, आणि तो तिथेच मुक्कामाला राहिला. तोही दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत 2023 साली 1,500 रुपये मिळू लागले. आमच्या गल्लीत एका शेतमजुराची अपंग मुलगी आहे, आणि शेजारच्या घरात एक विधवा काकू आहेत. दोघींना तेवढेच. वस्तुतः 2016 चाच कायदा सांगतो की, अशा योजनांत अपंगांना इतरांपेक्षा निदान 25 टक्के जास्त मिळाले पाहिजेत. ते 25 टक्के कुठे वाटेत सांडले, हे विचारायचे नाही. 2025 च्या ऑक्टोबरपासून अपंगांसाठी ही रक्कम 2,500 झाली. ठीक झाले, आनंद आहे. पण हे पैसे पोट भरण्याचे आहेत. त्या मुलीला न्हाऊ कोण घालणार, याचे उत्तर त्यात नाही.

आणि माझ्या भावाला तर तेही नाहीत. मी चौकशी केली तेव्हा अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती 50,000 रुपये. कुटुंबात मी, आणि मला पगार. म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा पुरुष, मतदार, स्वतःचे मत असलेला. पण त्याच्या गरजेचे माप काढायचे ते त्याच्या भावाच्या पगारावरून. हा न्याय माझ्याबाबत कुणी लावत नाही. मला रजा मंजूर करताना माझा भाऊ काय कमावतो, असे मुख्याध्यापकांनी कधी विचारले नाही. मग मला काहीच मिळत नाही का? मिळते! प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरले, तर अपंगाला सांभाळल्याबद्दल 75,000 रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. शुश्रूषा करते आई, आणि वजावट होते माझी. रोजगारावर जाणाऱ्या शेतमजुराला प्राप्तिकरच नाही. त्यामुळे त्याला वजावटही नाही. याला सामाजिक न्याय म्हणतात.

बाजारात काय भाव आहे, तेही पाहिले. पुण्याच्या एका खाजगी संस्थेने बारा तासांच्या मदतनीसाचे महिन्याला 18,000 रुपये सांगितले, राहणे-जेवणे वेगळे. आईच्या कामाचा बाजारभाव तेव्हा मला प्रथम कळला. आणि आईची पाळी बारा तासांची नाही.

आता आक्षेपांकडे येतो. ते मी पाठ करून ठेवले आहेत, कारण त्यातले निम्मे एकेकाळी माझेच होते.

पहिला आक्षेप असा की, पैसे दिले की कुटुंबसंस्था मोडेल, माया आटेल. मी मास्तर आहे. पगार घेतो. पगार घेतो म्हणून कुठल्या मास्तराने मुलांवर जीव लावला नाही? इस्पितळातली परिचारिका पगार घेते म्हणून तिच्या हाताला गुण नाही काय? ज्या घरात मदतनीस येईल, त्या घरातली आई मुलाजवळ पाच मिनिटे नुसती बसेल. आमच्या आईला गेल्या कित्येक वर्षांत भावाजवळ नुसते बसायला सवड झालेली नाही. माया आटते ती दमणुकीने.

दुसरा आक्षेप: लोक खोटे अपंग होतील. होतील काही. परंतु खऱ्यांची परीक्षा आज काय कमी आहे? भावाला चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी चालवत नव्हे, उचलत नेले. दोन जिने, तीन खेपा. तो जिवंत आहे हे पटवण्यासाठी बँकेत अंगठा घ्यायला नेले. इतके पहारे बसवूनही चोर शिरत असतील, तर पहारे चुकीच्या दारावर आहेत, एवढेच त्यावरून दिसते.

तिसरा आक्षेप सर्वांचा लाडका: पैसा कुठून आणणार? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग मोजले गेले. एवढ्यांना घरोघर माणूस कसा पुरवणार? पण एवढ्यांना माणूस मागतो कोण? बहुतेक अपंग स्वतःची आंघोळ स्वतः करतात, नोकऱ्या करतात, कर भरतात. प्रश्न आहे तो ज्यांचे शरीर दुसऱ्याच्या हातांवाचून दिवसाला उभे राहत नाही, त्या थोड्यांचा. आणि ते थोडे कोण, हे ठरवण्यासाठीच ते मूल्यांकन मंडळ आहे. राहिला पैसा. माझ्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसायकर कापला जातो. हा कर 1975 साली आला, तो कशासाठी, हे आजच्या किती पगारदारांना ठाऊक आहे? रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात माणसाने काम मागितले तर सरकारने ते दिलेच पाहिजे, हा विचार वि. स. पागे यांनी या राज्यात रुजवला. महाराष्ट्राने 1977 साली त्याचा कायदा केला. आणि 2005 साली देशाने तो विचार उचलला. तेव्हाही 'पैसा कुठून' हाच प्रश्न होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलावा, असे आपण ठरवले, आणि उचलला. माती उपसणे हे काम आहे हे आपल्याला पटले. माणूस उचलणे हे काम आहे, हे अजून पटलेले नाही.

शिवाय, पैसा अजिबात नाही असेही नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांवर खर्च करावेत, असा राज्याचा नियम आहे. आमच्याकडे त्यातून काय येते? समारंभात वाटण्याजोगी वस्तू. खुर्ची, काठी, एका वर्षी तर घोंगडी. वस्तूबरोबर पुढाऱ्याचे छायाचित्र निघते. आंघोळीचे छायाचित्र निघत नाही. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्याची काळजी घेणाऱ्याला ती दरमहा 600 रुपये देते. रक्कम हसण्याजोगी आहे; पण तिथे सरकारच्या वहीत काळजी घेणाऱ्या माणसाच्या नावाची ओळ तरी आहे. महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरात अपंगांसाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, त्याचा गाजावाजाही झाला. त्या विभागाच्या वहीत ही ओळ लिहायला कितीशी शाई लागेल?

मात्र ती ओळ लिहिताना 'मानधन' हा शब्द वापरू नये. 'माया'नंतर मला सर्वांत भीती वाटते ती या शब्दाची. 2005 नंतर गावोगावी आशा सेविका आल्या. गावातल्या बाईला प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले की पगार टाळता येतो, हे सरकारने सिद्ध केले. धन कमी पडले की आपल्याकडे त्याच्या आधी मान जोडतात.

येथवर मी आईविषयीच बोललो. लेख इथेच संपवला असता, तर तोही माझ्या कादंबरीसारखाच झाला असता. कारण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला मी अजून बोलू दिलेले नाही. अर्ज लिहिताना मी भावाला विचारलेही नव्हते. कार्यालयातून परत आल्यावर सांगितले. तो बराच वेळ ओठ जुळवत राहिला. मग म्हणाला, "दादा, आता आईच्या हातनं आंघूळ नगं वाटतं."

"मग कुणाच्या हातनं?"

"पैशे घिऊन करंल त्येच्या. ज्येच्यावर मला चिडता यील, असा कुणीतरी."

आईवर चिडता येत नाही. तिचे हात थरथरतात, पाणी कधी फार कढत होते, साबण डोळ्यांत जातो. तिला काय बोलणार? एकोणचाळीस वर्षांचा पुरुष रोज सकाळी आईपुढे उघडा होतो, आणि वर कृतज्ञ राहतो. आम्ही याला वात्सल्य म्हणत होतो. त्याला ती शिक्षा वाटत होती. पगारी मदतनीस आला की त्याला सांगता येते: उशिरा आलास, हळू धर, उद्या दाढी कर, परवा मला चौकात ने. अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स नावाच्या, पोलिओने मानेखालचे शरीर निकामी झालेल्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी 1972 साली 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभारले, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की, मदतनीसाचा मालक अपंग माणूस असला पाहिजे. स्वीडनने 1994 पासून मदतनीसाचा हक्क कायद्याने दिला; इंग्लंडने 1996 साली पैसा थेट अपंगाच्या हाती देण्याचा कायदा केला; ऑस्ट्रेलियाने 2013 साली त्यासाठी राष्ट्रव्यापी योजना काढली. ते श्रीमंत देश आहेत, हे मला मान्य. पण ज्याच्यावर चिडता येईल असा कुणीतरी हवा, ही इच्छा श्रीमंतांची नाही. ती आमच्या न्हाणीतली आहे.

म्हणून मागणे थोडक्यात असे. मदतीचा हक्क अपंग माणसाचा असावा. त्याच्या भावाच्या पगाराशी त्याचा संबंध नसावा. मदतनीस त्याने निवडावा. गावातला तरुण, शेजारची बाई, त्याला पटेल तो. सरकारने त्या मदतनीसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात उचलण्या-वळवण्याचे शिक्षण द्यावे, आणि किमान वेतनाने मजुरी द्यावी. आईलाच हे काम करायचे असेल, आणि मुलालाही ते चालत असेल, तर ती मजुरी आईला मिळावी. आणि वर्षातून काही दिवस हक्काची सुट्टी. राष्ट्रीय न्यासाकडे 'सहयोगी' नावाची मदतनीस घडवण्याची योजना आहे. पण शिकवलेल्या मदतनीसाचा पगार कोण देणार, या प्रश्नाशी ती थांबते.

माझा 2023 चा अर्ज त्या कार्यालयात असेल. त्याची पोच माझ्याकडे आहे. दिवाळीची सुट्टी संपून कार्यालये उघडली की मी दुसरा अर्ज देणार आहे. या वेळी तो भावाने सांगितला आणि मी लिहून घेतला. लिहायला दोन रविवार लागले. 38 वे कलम अपंगाच्या वतीने कुणालाही अर्ज करू देते, हे वर सांगितलेच आहे. तुमच्या घरात, वाड्यात, गल्लीत असा कुणी असेल तर आधी त्याला विचारा. आणि त्याची इच्छा असेल तर अर्ज लिहा. पोच घ्यायला विसरू नका. योजना नाही म्हणून एक अर्ज परत पाठवता येतो. तालुक्यातून दोनशे आले, तर कुणाला तरी लेखाशीर्ष शोधावे लागेल.

नरकचतुर्दशीला पहाटे भावाला मी न्हाऊ घालतो. वर्षातून ही एकच आंघोळ माझी. आई तेल गरम करून देते, उटणे कालवते, आणि मी फार मोठे काही केल्यासारखा मिरवतो. या वर्षीही घालीन. या वर्षी तो माझ्यावर चिडला, तर मला बरे वाटेल.